ब्लॅक बेल्टच्या अर्जाआधी

प्रिय तरुण सहकाऱ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

कामातला अपव्यय आणि दोष कमी करण्याच्या लीन सिक्स सिग्मा पद्धतीत ग्रीन बेल्ट ही पायरी झाल्यावर लगेच ब्लॅक बेल्ट या वरच्या पायरीसाठी नाव नोंदवावे का, असे तू विचारले आहेस. अवश्य नोंदव, मात्र शिकवणीच्या आधी प्रकल्प निवड. केवळ परीक्षेवर प्रमाणपत्र देणारे पुष्कळ आहेत, पण अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी ही संस्था पूर्ण केलेले दोन प्रकल्प, किंवा एक प्रकल्प आणि संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव मागते. गोदामात उभे राहून काम करणाऱ्याने हीच अवघड वाट धरावी, असे मला मनापासून वाटते.

यातली सिक्स सिग्मा पद्धत १९८६ मध्ये मोटोरोलात बिल स्मिथ यांनी मांडली. दहा लाख संधींमागे, म्हणजे चूक होऊ शकेल अशा जागांमागे, ३.४ दोष हे तिचे ध्येय; हीच सहा सिग्मा पातळी, आणि दोष जितके कमी तितकी पातळी वर. कारखान्यात सुटा भाग मापात आहे की नाही हे गेज, म्हणजे मापाचे साधन, सांगते. आपल्याकडे दोष कशाला म्हणायचे, हेच आधी ठरवावे लागते. समज, भिवंडीच्या तुझ्या गोदामातून दिवसाला ४,००० ऑर्डर निघतात, प्रत्येकीत सरासरी ५ ओळी (एका मालाची एक ओळ) असतात आणि ६० ऑर्डरींत प्रत्येकी एक ओळ चुकते. ओळी मोजल्यास दहा लाखांमागे ३,००० दोष, म्हणजे साधारण सव्वाचार सिग्मा. प्रत्येक ओळीत माल, नगांची संख्या, बॅच आणि लेबल अशा वेगळ्या संधी धरल्या, तर एकही चूक कमी न करता पातळी आणखी चढते. तो मोह टाळ, कारण माल उतरवून घेणाऱ्या दुकानदाराच्या लेखी त्या ६० ऑर्डरी चुकलेल्याच असतात.

प्रकल्पातल्या मापनाच्या टप्प्यावर, म्हणजे चुका मोजताना, मी स्वतः चुकलो आहे. औषधांच्या एका गोदामात रात्रपाळीच्या चुका कमी दिसल्या, म्हणून आम्ही तिची पद्धत दिवसपाळीवर लादली आणि दिवसपाळीच्या पिकरांना, म्हणजे ऑर्डरीचा माल काढणाऱ्यांना, बोल लावले. पुढे कळले, की बॅच चुकली तरी औषध बरोबर असेल, तर रात्रीचा चेकर ती चूक लिहीतच नव्हता. त्या पिकरांची मी नंतर माफी मागितली. तरी तीन महिन्यांची आकडेवारी वाया गेली ती गेलीच.

म्हणून विश्लेषणाला हात घालण्यापूर्वी ५० भरलेली खोकी घे, त्यांतल्या काहींत ठाऊक असलेल्या चुका मिसळ, आणि दोन्ही पाळ्यांच्या चेकरांकडून, एकमेकांचा निकाल न दाखवता, प्रत्येकी दोनदा तपासून घे. त्यांचे आपसांत आणि स्वतःशीच किती जुळते, ते आधी पाहा. आलेख, गृहीतक चाचण्या, नियंत्रण तक्ते हे सारे पुस्तकातून शिकता येईल, आणि तू ते शिकशीलच.

परीक्षेचे शुल्क भरण्यापूर्वी त्या ५० खोक्यांचा तक्ता मला पाठव. आपण तो ओळीओळीने पाहू.

तुझा शुभचिंतक