सागरी नकाशावर दोन-तीन तारखा छापलेल्या असतात. तो अद्ययावत आहे की नाही, हे त्यांपैकी कशावरून ठरवावे?

प्रथम प्रकाशनाच्या तारखेवरून नव्हे, तर चालू आवृत्तीची तारीख आणि तिच्यानंतर नोंदवलेल्या शेवटच्या दुरुस्तीचा क्रमांक या दोहोंवरून ठरवावे. ब्रिटिश ॲडमिरल्टीच्या कागदी नकाशांवर आवृत्तीची माहिती खालच्या समासात असते आणि तिथेच डावीकडे ‘नोटिसेस टू मरिनर्स’ या नाविकांसाठीच्या सूचनापत्रांतील दुरुस्त्यांचे वर्ष व क्रमांक ओळीने दिलेले असतात. या सूचना दर आठवड्याला निघतात (भारतीय नकाशांसाठी देहरादूनहून पंधरवड्याला), आणि ब्रिटिश सूचनेत संबंधित नकाशाच्या आधीच्या दुरुस्तीचा क्रमांक चौकटी कंसात छापलेला असतो. तो क्रमांक आपल्या समासात सापडला नाही, तर मधली एखादी दुरुस्ती राहून गेली असे खुशाल समजावे. ही पद्धत ब्रिटिश जलसर्वेक्षण कार्यालयाच्या ‘एनपी २९४’ या पुस्तिकेत सविस्तर दिली आहे. तात्पुरत्या व प्राथमिक सूचना मात्र या ओळीत येत नाहीत. त्या जहाजावर पेन्सिलीने वेगळ्या नोंदवतात. नकाशावर छापलेल्या दिशाचक्रात लिहिलेले वर्ष चुंबकीय विचलनाचे (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतील फरकाचे) असते, नकाशाचे नव्हे; नवख्यांची गफलत बहुधा इथेच होते.

एवढे पाहूनही एक मर्यादा उरते: आवृत्ती नवी असली तरी तिच्यातील खोलीचे आकडे जुन्या, अगदी शिशाच्या ओळंब्याने घेतलेल्या मोजणीचेही असू शकतात, म्हणून सर्वेक्षणाचे वर्ष नकाशावरील स्रोत-आकृतीत (कोणत्या भागाची मोजणी केव्हाची, हे दाखवणाऱ्या छोट्या आकृतीत) स्वतंत्रपणे पाहावे.