करडांचा खुराक दूध तुटण्याआधीच सुरू करा

भाऊ, तुमची उस्मानाबादी शेळी जुळी व्याली, आनंद आहे. पण दोन करडांना एका शेळीचं दूध महिना-दीड महिन्यानंतर पुरत नाही. शेळ्या दिवसभर रानात, करडं डालग्याखाली उपाशी, हे आधी बंद करा.

गोठ्याच्या कोपऱ्यात बांबूचा आडोसा करा. दोन बांबूंत एवढीच फट ठेवा, की करडू आत जाईल, शेळी अडेल. तिसऱ्या आठवड्यात आत चिमूटभर भरडा ठेवा. पहिले दिवस करडू नुसतं हुंगतं, ओठाला लावून फुरफुरतं. घाबरू नका, चार-पाच दिवसांत चाटायला लागतं.

१०० किलो खुराकाला मका भरडा ४०, शेंगदाणा पेंड ३०, गव्हाचा कोंडा १७, हरभरा चुनी १०, क्षारमिश्रण २ आणि मीठ १ किलो. पेंडीला बुरशीचा वास आला तर पोतं सरळ परत करा. सुरुवात एका करडाला रोज २५-५० ग्रॅमने, तिसऱ्या महिन्यापर्यंत १५०-२०० ग्रॅम. एकदम वाढवू नका. माझं एक गुटगुटीत करडू असंच जास्त खाऊन रात्रीत गेलं, पोट टम्म फुगलेलं. अजून डोळ्यासमोर येतं. जास्त खाल्ल्यावर आतड्यात विष तयार होऊन करडू दगावतं, त्या आंत्रविषार रोगाची लस कधी टोचायची ते पशुवैद्यकांना आत्ताच विचारून ठेवा.

शेवरीच्या डहाळ्या उंच टांगा, पाणी ताजं ठेवा. उरलेला खुराक रोज शेळ्यांना टाका, शिळा नको. शेणात रक्त दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांकडे.