पहिली कटाना घ्या, पण हप्त्यांवर नको

प्रश्न: मी २७ वर्षांचा आहे, नोकरीला चार वर्षं झाली. जपानी तलवारींचं वेड शाळेपासून आहे आणि आता पहिली कटाना घ्यायची ठरवलंय. ऑनलाइन तीन पाहून ठेवल्यात. मधलीची किंमत १०० धरली तर सगळ्यात स्वस्त ४० ला पडते. ‘हाताने घडवलेली, १३ घड्यांची, लढाईला सज्ज’ असं तिच्या जाहिरातीत लिहिलंय. मधली १०६० पोलादाची, साधी आहे आणि फक्त तलवारीच विकणाऱ्या दुकानाची आहे. तिसरी २२० ची. तिच्यात पोलाद, मूठ, म्यान सगळं आपल्या पसंतीने निवडता येतं आणि ती क्रेडिट कार्डावर बारा हप्त्यांत मिळते. तिचा विक्रेता म्हणतो की अशा तलवारीची किंमत वाढतच जाते, म्हणजे गुंतवणूकही होईल. त्याच हिशेबाने माझी महिन्याची बचत साधारण ५० आहे. चार महिन्यांच्या खर्चाएवढा आपत्कालीन निधी आहे, एक आवर्ती ठेव चालू आहे, कर्ज नाही. पुढे कधीतरी इआइदो, म्हणजे म्यानातून तलवार उपसून चालवण्याची जपानी कला, शिकायचा विचार आहे. ठेव मोडून तिसरी घेऊ का?

उत्तर: नाही. ठेव मोडू नका आणि तिसरी घेऊ नका. पहिली तर अजिबात नको. मधली घ्या, पण सहा महिन्यांनी. या सहा महिन्यांत इआइदोच्या वर्गात एकदा जाऊन या, कारण त्यानंतर कदाचित मधलीही घ्यावीशी वाटणार नाही.

सुरुवात गुंतवणुकीच्या मुद्द्यापासून करतो, कारण तुमचा सगळा हिशेब तिथेच वाकडा झालाय. काही जपानी तलवारींची किंमत टिकते आणि काहींची वाढतेही, हे खरं आहे. पण त्या तलवारी वेगळ्या. जपानमध्ये तलवार घडवायला परवाना लागतो आणि परवानाधारक लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात. प्रत्येक पात्याची सरकारी नोंदणी होते. जुन्या पात्यांची पारख १९४८ साली स्थापन झालेली एनबीटीएचके ही संस्था करते आणि होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो अशा चढत्या दर्जांचे दाखले देते. असं पातं जपानबाहेर न्यायचं तर तिथल्या सांस्कृतिक खात्याचा दाखला लागतो. म्हणजे माल मोजका, प्रत्येक नगाची ओळख कागदावर, आणि पारख करणारी संस्था विक्रेत्यापासून वेगळी. किंमत या तिन्हींवर उभी असते.

तुमच्या यादीतली तिसरी तलवार बहुधा चीनच्या झेजियांग प्रांतातल्या लाँगच्वानची असेल. जगभर ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या परवडण्याजोग्या कटानांचं ते मोठं केंद्र आहे. तलवारी बनवण्याची तिथली परंपरा खूप जुनी आहे आणि तिथे चांगलं कामही होतं, त्यामुळे नाक मुरडायचं कारण नाही. पण तिथून तुमच्यासारखीच तलवार उद्या आणखी हजार जणांना मिळू शकते. शिवाय तुम्ही स्वतःच्या आवडीचा म्यानाचा रंग, मुठीची वीण आणि त्सुबा, म्हणजे मूठ आणि पात्यामधली चकती, निवडून केलेली तलवार दुसऱ्या कुणाला त्या भावात का हवी असेल? तो त्याच पैशात स्वतःच्या आवडीची करून घेईल. पार्सल उघडल्याच्या दिवशी तिची किंमत उतरते. ही रक्कम मालमत्तेच्या रकान्यात लिहू नका. छंदाचा खर्च म्हणून लिहा आणि तेवढ्याच मोकळ्या मनाने करा. छंदावर खर्च करणं गैर नाही, त्याला गुंतवणूक म्हणून स्वतःची समजूत काढणं महागात जातं.

(अस्सल जुनं पातं गुंतवणूक म्हणून घ्यावं का, हा पुढचा प्रश्न मनात आला असेल. नवख्याने नाही. नामांकित लोहारांच्या खोट्या सह्या कोरलेली पाती भरपूर आहेत, विकताना दलालाचा वाटा जातो आणि पारंपरिक पद्धतीने पातं घासून घेण्याचा खर्च इंचाइंचावर मोजला जातो. तुमच्या यादीतल्या मधल्या तलवारीपेक्षा तो सहज जास्त होतो.)

आता हप्ते. कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज धरू. २२० चे बारा समान हप्ते केले तर प्रत्येक हप्ता २२ च्या थोडा वर जातो आणि वर्षाअखेर तुम्ही २६५ भरलेले असतात. वरचे ४५ म्हणजे तुमच्या यादीतल्या पहिल्या तलवारीच्या किमतीपेक्षा जास्त, नुसतं व्याज. ‘बिनव्याजी’ योजना असेल तर प्रक्रिया शुल्क किती आणि रोख घेतल्यास सूट किती हे विचारा. ती सूट हेच बहुतेक वेळा लपलेलं व्याज असतं. आणि तुमच्या ५० च्या बचतीतले २२ वर्षभर अडकले, तर मध्ये नोकरी बदलली किंवा घरात आजारपण आलं की पहिला हात आपत्कालीन निधीला लागतो. चार महिन्यांचा निधी वाईट नाही, पण त्यात तलवारीसाठी सांडायला जागा नाही.

मग स्वस्तातली पहिली का नको? ४० तर आहेत, गेले तर गेले, असं वाटू शकतं. तिच्या जाहिरातीतला एकेक शब्द घ्या. ‘१३ घड्या’ म्हणजे ८१९२ थर, ऐकायला भारी. पण जपानी लोहार पोलाद घड्या घालून ठोकत होते, त्यामागे गरज होती. लोहवाळूपासून काढलेल्या तामाहागाने पोलादात कार्बन सगळीकडे सारखा नसायचा आणि मळीही असायची. वारंवार घडी घालून ते एकजीव करावं लागे. आजचं कारखान्यातलं पोलाद आधीच एकसारखं येतं. त्याला घड्या घातल्या की पात्यावर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते, ताकद वाढत नाही. उलट थर नीट जुळले नाहीत तर आत कच्चा सांधा राहतो. त्या किमतीत काम घाईचंच होणार, म्हणून मला त्याची भीती जास्त वाटते. ‘लढाईला सज्ज’ याचं तर कुठलंही प्रमाण नाही, तो विक्रेत्याने स्वतःच दिलेला किताब आहे.

आणि खरी काटछाट जिथे होते ती जागा फोटोत दिसतच नाही. पात्याचा मुठीत जाणारा भाग, म्हणजे नाकागो, मुठीच्या लाकडात घट्ट बसलेला असायला हवा आणि बांबूच्या खुंटीने, मेकुगीने, पक्का अडकवलेला असायला हवा. स्वस्त मालात मुठीचं लाकूड ढिलं कोरलेलं असतं, कधी त्याला आतून तडा असतो. नुसत्या शोभेच्या तलवारींमध्ये तर पात्याला एक बारीक आटेवाली सळई डाग देऊन जोडलेली असते आणि पातं स्टेनलेस पोलादाचं असतं. एवढ्या लांब पात्यासाठी ते पोलाद ठिसूळ ठरतं. अशी तलवार भिंतीवर टांगायला ठीक. फिरवली तर पातं मुठीतून सुटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकतं. ४० वाचवताना दवाखान्याचं बिल कुणी हिशेबात धरत नाही.

मधली मला पटते ती तिच्या साधेपणामुळे. १०६० म्हणजे सुमारे ०.६० टक्के कार्बन असलेलं साधं कार्बन पोलाद. चिवटपणा आणि धार टिकणं, दोन्ही त्यात बऱ्यापैकी साधतं. तिसरीत तुम्ही टी१० हे जास्त कार्बनचं पोलाद आणि मातीचा लेप देऊन कडक केलेली धार निवडणार असाल, कारण पात्यावर हामोनची, म्हणजे धारेलगतच्या नागमोडी नक्षीची, लाट त्यानेच खरी उठते. दिसते सुंदर, यात वाद नाही. पण त्या पद्धतीत धार कडक आणि पाठ मऊ राहते. नवख्या हाताचा वार वाकडा गेला की पातं वाकतं आणि वाकलेलंच राहतं, नाहीतर धारेचा टवका उडतो. आरपार सारखं कडक केलेलं पातं, किंवा ९२६० सारखं स्प्रिंगचं पोलाद, अशा चुका जास्त सोसतं. अशा पात्यावर दिसणारी लाट बहुतेक आम्लाने किंवा घासून काढलेली असते. विक्रेत्याने ते स्पष्ट लिहिलं असेल तर माझी हरकत नाही. लपवलं असेल तर बाकीच्या माहितीवरही विश्वास ठेवू नका.

पण १०० ही तिची छापील किंमत. तुम्हाला ती पडणार किती? वाहतूक आणि सीमाशुल्क मिळून ३५ धरा. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून हे लेखी घ्या, कारण माल तुमच्याच देशातल्या गोदामातून येणार की समुद्रापलीकडून, यावर आकडा बराच हलतो. तेल, मऊ कापड आणि आडवं स्टँड यांचे १०. जपानी रीतीत लवंगेचं सुगंधी चोजी तेल लावतात, पण साधं खनिज तेलही चालतं. कार्बन पोलाद गंजतं, त्यामुळे तेलाला पर्याय नाही. मेकुगी बदलणं, मूठ आवळून घेणं अशा कामांसाठी ५ बाजूला ठेवा. एकूण १५० झाले. बचतीचा अर्धा भाग, म्हणजे महिन्याला २५, वेगळ्या खात्यात टाकलात तर सहा महिन्यांत पैसे उभे राहतात. ठेवीला हात लागत नाही आणि उरलेले २५ निधीत भर घालत राहतात.

सगळ्याच्या आधी कायदा बघा. पैसे भरल्यावर नाही, आधी. ब्रिटनमध्ये २००८ पासून ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी आहे, पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्यांना त्यात सूट मिळते. खुद्द जपानमध्ये बाहेर बनलेली धारदार पोलादी तलवार नेऊन ठेवता येत नाही. तुम्ही राहता तिथे बाळगणं, आयात करणं आणि रस्त्यावरून नेणं यांचे नियम वेगवेगळे असू शकतात. ‘आम्ही जगभर पाठवतो’ हे विक्रेत्याचं वाक्य म्हणजे परवाना नव्हे. कस्टममध्ये माल जप्त झाला तर बहुतेक विक्रेते पैसे परत करत नाहीत आणि त्यांच्या अटींमध्ये ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

विक्रेत्याला काय विचाराल? मूठ काढून नाकागोचा फोटो मागा. परत पाठवायची वेळ आली तर खर्च कुणाचा आणि धारदार वस्तू घेणारी कुरिअर कंपनी कोणती, तेही विचारा, कारण बऱ्याच कंपन्या घेत नाहीत आणि ‘३० दिवसांत परत’ हे वचन तिथेच अडतं. उत्तर गोलमोल आलं तर तलवार कितीही देखणी असो, सोडून द्या. मधल्या पर्यायात तुम्ही जे जास्तीचे ६० मोजता, त्यातला मोठा वाटा या जबाबदारीचा आहे, आणि माझ्या मते तो पोलादाच्या आकड्यापेक्षा मोलाचा आहे. पैसे थेट खात्यात पाठवू नका. इथे क्रेडिट कार्ड उपयोगी पडतं, कारण माल आला नाही किंवा भलताच आला तर बँकेकडे दाद मागता येते. फक्त पैसे आधी साठवलेले असावेत आणि बिल मुदतीच्या आत पूर्ण भरावं. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा.

वापरलेली तलवारही शोधा. एखाद्या संग्राहकाने हौसेने घेऊन दोनदा हाताळलेली साधी १०६० मिळाली तर किमतीची पहिली घसरण त्याच्या खिशातून गेलेली असते. पातं डोळ्याच्या रेषेत धरून सरळ आहे का, म्यानात खडखडतं का आणि मेकुगी सैल आहे का, एवढं बघितलंत तरी पुरे.

आता इआइदो. तुम्ही ते पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत, पण माझ्या दृष्टीने सगळा निर्णय तिथे फिरतो. वर्गात नवख्याच्या हाती आधी बोकेन, म्हणजे लाकडी तलवार, मग इआइतो, म्हणजे सरावाची बिनधारेची तलवार, येते. जपानी इआइतोचं पातं बहुधा जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं आणि त्याला धार लावताच येत नाही. धारदार पातं वर्गात आणायला गुरुजी सुरुवातीला बहुधा परवानगी देणार नाहीत. पात्याची लांबीही उंची आणि हाताच्या हिशेबाने तेच सांगतील. दोन शाकू, म्हणजे ६०.६ सेंटिमीटर, यापेक्षा लांब पात्याला कटाना म्हणतात, पण त्यापुढे तुम्हाला ७० हवं की ७५ हे जाहिरात वाचून कळत नाही. तेव्हा आज घेतलेली तलवार शिकायला लागल्यावर कपाटात पडून राहायची शक्यता बरीच आहे, आणि मग इआइतोसाठी पुन्हा पैसे काढावे लागतील.

म्हणून क्रम असा ठेवा. या महिन्यापासून २५ बाजूला. दोन महिन्यांच्या आत एक वर्ग बघून या. शिकायचं ठरलं तर त्याच खात्यातून फी आणि बोकेन, आणि वेळ आली की गुरुजींच्या सल्ल्याने इआइतो. शिकायचं नाही, फक्त संग्रहाची हौस आहे असं ठरलं, तर सहाव्या महिन्यानंतर मधली तलवार मागवा. मध्येच ‘आज रात्री बारापर्यंत निम्म्या किमतीत’ असा मेल येईल. असे मेल या बाजारात वरचेवर येत असतात. खात्यात १५० जमलेले नसतील तर तो न उघडता पुसून टाका.