मुंबई इलाख्यात १८२४ चा कायदा शोधू नका

तुमचा प्रश्न वाचला. इंग्लंडच्या १८२४ च्या व्हेग्रन्सी अ‍ॅक्टमध्ये (भटक्यांविरुद्धच्या कायद्यात) भविष्य सांगणाऱ्याला तीन महिने सक्तमजुरी होती, मग त्याखाली पिंगळे, कुडमुडे जोशी अशा फिरत्या भविष्यवाल्यांवरचे खटले मुंबई इलाख्याच्या दप्तरात का मिळत नाहीत? मीही यात बराच काळ अडकलो होतो. उत्तर सोपं आहे: तो कायदा इथे लागूच नव्हता.

वसाहतींच्या कायद्यात आधी तारीख बघायची: इंग्लंडचा कायदा तिथे कोणत्या दिवसापर्यंतचा लागू झाला. मुंबई शहरात इंग्लंडचा कायदा आला तो १७२६ च्या सनदेने. म्हणजे त्या सालापर्यंतचा, आणि तोही इथल्या परिस्थितीला जुळेल तेवढाच. चेटूक आणि भविष्यकथनाचं ढोंग यांवरचा कायदा १७३५ चा, व्हेग्रन्सी अ‍ॅक्ट १८२४ चा. दोन्ही नंतरचे. मुफसलात, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखात, तर प्रश्नच नाही. उलट ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्ससाठी ही तारीख २५ जुलै १८२८ आहे, दोन्ही कायद्यांच्या नंतरची. तिकडचे लेख वाचून आपल्याकडचे निष्कर्ष काढले की सगळं गणितच चुकतं.

मग इथे काय होतं? १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता. फसवणुकीची व्याख्या कलम ४१५ मध्ये, शिक्षा ४१७ किंवा ४२० खाली. पण ४१५ ला नुसतं भविष्य सांगणं पुरत नाही. फसवून, अप्रामाणिक हेतूने समोरच्याकडून काही काढून घ्यावं लागतं (किंवा त्याचं नुकसान होईल असं काही करायला लावावं लागतं). चार आणे घेऊन हात बघितला, हा गुन्हा नाही. ग्रहशांतीच्या नावाखाली दागिने मागवून पोबारा केला, हा गुन्हा. ‘देवाचा कोप होईल’ अशी भीती घालून काही करायला लावलं तर कलम ५०८. इंग्लंडमध्ये मात्र नुसत्या दाव्यावरही शिक्षा होत होती, आणि फसवण्याचा हेतू वेगळा सिद्ध करायची गरज नाही हे तिथल्या न्यायालयाने १९२१ मध्ये स्पष्टच केलं.

माझ्या मते खरा माल फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे. १८९८ च्या संहितेचं कलम १०९: उपजीविकेचं उघड साधन नाही किंवा स्वतःबद्दल समाधानकारक माहिती देता येत नाही, त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन, जास्तीत जास्त एक वर्षाचा. फिरत्या जोशाला अडकवायला एवढं पुरे. तिथे ‘भविष्य’ हा शब्द आला तर पोलिसांच्या जबाबात येईल, आरोपात नाही. गुन्हेगार जमातींच्या कायद्यातही शोधा, पण मुंबईसाठी १९११ च्या कायद्यापासून सुरुवात करा. १८७१ चा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानापुरताच होता, आणि हे न बघता लिहिलेले लेख ढिगाने आहेत.

आता दप्तरखान्याबद्दल. नाव घेत नाही, पण एका ठिकाणी ‘ज्योतिषी’ असा विषय लिहिलेला अर्ज ‘अशी नोंद नाही’ म्हणून परत आला, आणि तिथल्या रजिस्टरात नोंदी कलमांनी लावल्या आहेत हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही. तेव्हा अर्जात तालुका, साल आणि कलम लिहा. धंदा लिहू नका.

निकालपत्र मिळालं तर आरोपाचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. १८७६ मध्ये लंडनला हेन्री स्लेड या प्रेतात्म्यांच्या माध्यमाला तीन महिने सक्तमजुरी झाली होती. ती अपिलात उडाली, का तर शिक्षेच्या आदेशात कायद्यातले ‘हस्तसामुद्रिकाने किंवा अन्य मार्गाने’ हे शब्द राहून गेले होते. सारांश वाचणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

मी वकील नाही, हे सगळं अभिलेख चाळणाऱ्याच्या नजरेतून आहे. जाता जाता: २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यात मिसळू नका, जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले यांचा सल्ला त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. भविष्य सांगण्याचा थेट उल्लेख हवाच असेल तर स्वातंत्र्यानंतरचा, १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा काढा. भिकेच्या व्याख्येतच तो सापडेल.