कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला चाललो आहोत. शेजारची लेणी बौद्धांची आहेत म्हणतात. आम्ही आत जावं का?

जरूर जा, आणि देवीच्या रांगेला लागण्याआधी जा. दर्शन झालं की ओटी, प्रसाद, पोरांची भूक यांत लेणं राहूनच जातं. कोळी, आगरी, सीकेपी घरांतली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं कुलदैवताला येतात आणि चैत्यगृहात, म्हणजे लेण्यातल्या स्तूपाच्या प्रार्थनागृहात, पाऊलही टाकत नाहीत. मला याची फार हळहळ वाटते.

लेणं बौद्धांचंच, यात शंका नको. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं ही श्रद्धेतली कथा. लेण्यात मात्र ब्राह्मी लेख कोरलेले आहेत. त्यांत या जागेचं नाव वलूरक असं येतं. एक दार दिलं धेनुकाकट या गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे अत्तरं विकणाऱ्याने. काही खांब यवनांनी, म्हणजे त्या काळच्या ग्रीकांनी, दिलेत. वैजयंती नगरीचा भूतपाल शेठ तर लिहवून गेलाय की जंबुद्वीपात, म्हणजे भारतवर्षात, याहून उत्तम शैलगृह नाही. दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती मात्र बऱ्याच नंतरच्या.

आत शिरलात की मान वर करा. दगडी छताला लाकडाच्या कमानी आहेत, स्तूपावर लाकडी छत्री आहे, आणि हे लाकूड जवळजवळ 2000 वर्षांपूर्वीचं, मूळचंच आहे! पिंपळपानासारख्या मोठ्या गवाक्षातून उजेड येतो, स्तूपापर्यंत पोचतो. खांबांवर हत्ती बसलेत, त्यांवर जोडपी. घाई करू नका.

बाहेर महारठी (ही त्या काळची सरदारकीची पदवी) अग्निमित्रणकाने दिलेला सिंहस्तंभ उभा आहे. त्याचा जोडीदार जिथे असावा तिथेच आज आईचं देऊळ आहे. म्हणून चैत्राच्या यात्रेत बाहेर ‘आई माउलीचा उदो उदो’ घुमतो आणि एरवी एखाद्या सकाळी आत स्तूपापाशी कोणी ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणत असतं. जागा कोणाची, यावर ऑनलाइन भांडणारे बरेच आहेत. माझं स्पष्ट मत असं की स्तूपाला दगडी शोभेची वस्तू समजणं आणि देवीच्या भक्तांना उपरं म्हणणं, दोन्ही चूकच.

देवळात नारळ फोडाल, तो लेण्यात नेऊ नका. कुंकू, अगरबत्तीही नको, लाकडाला धोका आहे. स्तूपाला हात जोडून प्रदक्षिणा घालायला काहीच हरकत नाही, आम्ही घालतो.

लेण्यासाठी पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, तिथून वेहेरगावला रिक्षा मिळते. शनिवार-रविवार आणि नवरात्र सोडून गेलात तर बरं.