‘बैंक’ चूक आणि ‘बँक’ बरोबर?

प्रश्न असा आला आहे: हिंदी पाट्यांवर आणि बातम्यांत ‘बैंक’, ‘मैच’, ‘टैक्सी’ असं लिहिलेलं दिसतं. आपण बँक, मॅच, टॅक्सी लिहितो. हिंदी भाषकांना हा इंग्रजी स्वर जमत नाही का? आणि आपण ‘है’चा उच्चार ‘हय’ करतो तेव्हा ते लोक का हसतात?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. हिंदी माणूस ‘बइंक’ म्हणत नाही, तो जवळजवळ आपल्यासारखंच ‘बँक’ म्हणतो. फरक आहे तो ‘ऐ’ या अक्षराच्या किमतीत. मराठीत ऐ हा खराखुरा संयुक्त स्वर आहे. ‘मैत्रीण’ किंवा ‘दैनिक’ म्हणताना जीभ ‘अ’पासून निघते आणि ‘इ’कडे वर सरकते. प्रमाण हिंदीत ती सरकतच नाही. है, पैसा, मैं या शब्दांत एकच सलग स्वर आहे. ‘बॅट’मधल्या ॲपेक्षा जीभ किंचित वर ठेवली की तो मिळतो. घरबसल्या पडताळून पाहा. मराठी ‘ऐ’ लांबवत नेला तर शेवटी नुसता ‘ई’ हाती उरतो. दिल्लीकडच्या माणसाला ‘है’ लांबवायला सांगा, सुरुवातीला जो स्वर होता तोच शेवटपर्यंत ऐकू येईल.

म्हणून इंग्रजीतून ‘बँक’ आली तेव्हा हिंदीकडे त्या स्वरासाठी अक्षर तयार होतं. आपला ऐ मात्र आधीच कामात गुंतलेला. ‘बैंक’ लिहिलं असतं तर आपण ‘बइंक’च वाचलं असतं. मग अर्धचंद्र डोक्यावर घ्यावा लागला, आणि २००९ च्या शासन निर्णयाने ॲ, ऑ रीतसर वर्णमालेत बसवले. (संगणकासाठी ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये त्याआधी वर्षभर, २००८ साली, आलं होतं.) गंमत म्हणजे ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’ लिहिताना हिंदीही अर्धचंद्रच वापरते, ‘डौक्टर’ लिहीत नाही; खरं तर त्यांचा औसुद्धा असाच सपाट झालेला आहे.

सगळी हिंदी अशी नाही, हे सांगायलाच हवं. ‘तैयार’, ‘भैया’, ‘कौआ’ या शब्दांत पुढच्या ‘य’मुळे किंवा स्वरामुळे जुना जोड टिकून आहे. आणि अवधी-भोजपुरी मुलखात गेलात तर ‘पइसा’ आपल्याकडच्यासारखाच ऐकू येतो.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत मोह पडतो तो एका गोष्टीचा: ‘अइ’ सपाट होण्याची ही पहिली वेळ नाही, तिसरी आहे. पहिली वेळ संस्कृतच्याही आधीची. तिचा पुरावा शाळेत पाठ केलेल्या संधीत पडून आहे. ने + अन = नयन, पण नै + अक = नायक. ‘ए’च्या पोटातून ‘अय्’ बाहेर येतो आणि ‘ऐ’च्या पोटातून ‘आय्’. म्हणजे मूळचा ए हा ‘अइ’ होता, तो सपाट झाला. आणि ऐ हा ‘आइ’ होता. तसंच भो + अन = भवन आणि पौ + अक = पावक. पाणिनीने ‘एचोऽयवायावः’ या एका सूत्रात हे चारही बदल बांधले.

दुसरी वेळ प्राकृताची. संस्कृतात उरलेले ऐ, औ तिथे ए, ओ झाले. ‘तैल’चं तेल आणि ‘गौर’चा गोरा ही त्याचीच फळं. मग आपल्याकडे ऐ, औ परत आले कुठून? काही ‘दैनिक’, ‘वैशाली’ अशा संस्कृतातून थेट उचललेल्या शब्दांबरोबर आले. पण अस्सल देशी ऐ, औ जन्मले ते मधली व्यंजनं गळून. ‘प्रतिष्ठान’मधला त गळला, ‘पइट्ठाण’ झालं, त्याचं पैठण. ‘चतुर्थ’चं ‘चउत्थ’, त्याचा चौथा. ‘बइल्ल’चा बैल. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचं नाव ‘पैठान’च्या जवळचं आहे, म्हणजे ‘प्रतिष्ठान’मधला तो त तेव्हाच गेला होता. या नव्या ‘अइ’, ‘अउ’ना हिंदीने पुन्हा सपाट केलं. मराठीने केलं नाही. आपण ‘बैल’ म्हणतो तेव्हा प्राकृतातले दोन्ही स्वर अजून ऐकू येतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बंगालीने वेगळंच केलं. तिथे जोड टिकला, पण सुरुवातीचा ‘अ’ गोल होऊन ‘ओ’ झाला. चैत्र तिथे ‘चोइत्रो’ होतो. सौरव गांगुलीचं नाव रोमन लिपीत ‘एयू’ऐवजी ‘ओयू’ने लिहितात, ते या उच्चारामुळे.

युरोपातही हेच. लॅटिनमध्ये ‘काइसर’ असलेलं नाव जर्मनने जोड स्वर ठेवून ‘कायझर’ केलं, अरबी-फारसीतून आपल्याकडे ते ‘कैसर’ म्हणून आलं, आणि इंग्रजीत त्याचा ‘सीझर’ झाला. फ्रेंच लोक घराला ‘मेझाँ’ म्हणतात, पण लिहिताना त्यात अजून ‘एआय’ लिहितात. जोड गेला, स्पेलिंग राहिलं. हिंदीतल्या ‘है’चं नेमकं हेच झालं आहे.

आता व्यवहाराचं. हिंदी बोलताना ‘हय’ ऐवजी सलग स्वर काढायची सवय लावली तर उच्चार एका दिवसात सुधारतो, कारण ‘है’ दर वाक्यात येतं. हिंदी निवेदकाने ‘वैशाली’चं ‘वॅशाली’सारखं काही केलं तर तो नाव बिघडवत नाही, त्याच्या भाषेतला ऐ तसाच आहे. हिंदी नावं मराठीत लिहिताना ‘कैलाश’चं ‘कॅलाश’ करू नये. अक्षर सामाईक आहे, ज्याने त्याने आपल्या परीने वाचावं. इंग्रजी शब्दांना मात्र ही सवलत नको. मराठी मजकुरात हल्ली भाषांतराच्या घाईत ‘मैनेजर’, ‘बैग’ जसेच्या तसे उतरतात, ते खोडून ‘मॅनेजर’, ‘बॅग’ करा.