सोसायटीच्या ठरावाने वाहिनी बंद करता येते का?

प्रश्न : सातारा येथील एका गृहनिर्माण संस्थेच्या अध्यक्षांनी कळवलेली हकीकत थोडक्यात अशी. एका मराठी मनोरंजन वाहिनीवर रात्री साडेआठला लागणाऱ्या मालिकेत सुनेला भूतबाधा झाल्याचे सांगून एक बुवा तिला खांबाला बांधतो, मिरच्यांची धुरी देतो आणि तिचे केस ओढतो, असा प्रसंग सलग दोन भागांत दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या आठ वर्षांच्या नातीने बाहुलीचे केस दोऱ्याने खुर्चीच्या पायाला बांधले आणि तिच्यापुढे उदबत्ती लावली. संस्थेच्या सतरा सभासदांनी केबलवाल्याला सहीचे पत्र दिले आहे. ही वाहिनी इमारतीपुरती बंद करावी, अन्यथा गच्चीवरचा त्याचा डबा काढून टाकू, असे त्यात म्हटले आहे. येत्या रविवारच्या विशेष सर्वसाधारण सभेत तसा ठराव मांडला जाणार आहे. तिसऱ्या मजल्यावरील एका सभासदाचा त्याला विरोध असून, ज्यांना नको त्यांनी रिमोट वापरावा, असे त्यांचे म्हणणे आहे. प्रसंगात देवीचे नाव घेतल्यामुळे धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा नोंदवावा, असाही काहींचा आग्रह आहे. या परिस्थितीत अध्यक्ष म्हणून आपण काय करावे, हा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर : अध्यक्ष महोदय, सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. वाहिनीने दाखवलेला प्रसंग कायद्यात बसतो का, हा एक, आणि तो आपल्या इमारतीतील कोणी पाहावा की पाहू नये हे संस्थेने ठरवावे का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर आपली बाजू आपल्याला वाटते त्यापेक्षा बरी आहे. दुसऱ्यावर मात्र ती अजिबात टिकणारी नाही, म्हणून रविवारच्या सभेच्या दृष्टीने आधी दुसऱ्याचेच उत्तर देतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 आणि संस्थेचे उपविधी यांनी सर्वसाधारण सभेला इमारतीची देखभाल, वर्गणी, सामाईक जागेचा वापर अशा बाबींत अधिकार दिलेले आहेत. सभासदाने आपल्या बैठकीच्या खोलीत काय पाहावे, हा त्यातला विषय नाही. ठराव बेचाळीसपैकी एक्केचाळीस मतांनी संमत झाला तरी बेचाळिसाव्या घरावर तो बंधनकारक होत नाही. केबलच्या सेवेचा करार केबलचालक आणि प्रत्येक ग्राहक यांच्यात असतो, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमावलीनंतर, प्रत्यक्षात 2019 पासून, कोणत्या वाहिन्या घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या हे ग्राहकच ठरवतो. ज्या वाहिनीचे पैसे तिसऱ्या मजल्यावरील गृहस्थांनी भरले आहेत, ती केबलवाल्याने आपल्या पत्रामुळे बंद केली, तर ते त्याच्याविरुद्ध सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतात, आणि त्या तक्रारीत पुरावा म्हणून सतरा सह्यांचे तेच पत्र जोडले जाईल.

त्या पत्रातील डबा काढण्याचे वाक्य तर ताबडतोब मागे घ्या. डबा केबलचालकाचा आहे. तो कापला किंवा फोडला तर भारतीय न्याय संहितेखाली आगळिकीचा, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान केल्याचा, गुन्हा होतो, आणि पत्रावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांनी तो आधीच लेखी कबूल करून ठेवल्यासारखे होईल. वकिलीत अशी पत्रे मी अनेकदा पाहिली आहेत. लिहिणाऱ्याचा राग खरा असतो, पण न्यायालयात त्यातले एकच वाक्य वाचले जाते.

आता रिमोटच्या मुद्द्याकडे वळतो. आपल्या शेजाऱ्यांच्या म्हणण्याला न्यायालयांचा आधार आहे, हे मान्य करावे लागेल. प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी नाही, तसेच माहिती मिळवण्याचा प्रेक्षकाचा हक्क हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या बंगाल क्रिकेट असोसिएशनच्या निकालात सांगितले. त्या खंडपीठाचा मुख्य निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेला आहे. पुढे 2009 मध्ये एका खासगी वाहिनीवरील प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका आल्या, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या खंडपीठाने त्या फेटाळताना, पसंत नसेल तर दूरचित्रवाणी संच बंद करावा, अशा आशयाची टिप्पणी केली होती. गंमत अशी की 2011 मध्ये मनोरंजन वाहिन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी प्रसारकांनी जी परिषद स्थापन केली, तिचे पहिले अध्यक्षही हेच न्यायमूर्ती शहा. रिमोटचा सल्ला देणे आणि तक्रार ऐकून घेणे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत, हे यापेक्षा नेमके कसे दाखवता येईल?

मात्र रिमोटचा युक्तिवाद पुरेसा नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (विनियमन) अधिनियम, 1995 च्या कलम 5 नुसार कार्यक्रम संहितेशी सुसंगत नसलेला कार्यक्रम केबलवरून प्रसारित करता येत नाही, आणि ही संहिता 1994 च्या नियमांतील नियम 6 मध्ये दिलेली आहे. त्या नियमाच्या पोटनियम 5 प्रमाणे, मुलांसाठी अयोग्य असलेले कार्यक्रम ज्या वेळी सर्वाधिक मुले पाहत असतात त्या वेळी दाखवता येत नाहीत. याचा अर्थ वेळेची जबाबदारी कायद्याने प्रसारकावर टाकलेली आहे, आजोबांच्या हातातल्या रिमोटवर नव्हे. मनोरंजन वाहिन्यांच्या स्वयंनियमनातही प्रौढांसाठीच्या आशयाला रात्री 11 ते पहाटे 5 हीच वेळ ठरवून दिलेली आहे. साडेआठला घरात दूरचित्रवाणी लागलेली असते आणि जेवणाच्या ताटांभोवती मुले असतात, ही बाब वाहिनीच्या वेळापत्रक ठरवणाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक आहे.

आपल्या तक्रारीचा मुख्य आधार मात्र त्याच नियमातील दुसऱ्या तरतुदीत आहे. अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवण्यास नियम 6 स्पष्ट मनाई करतो. येथे एक जुना निकाल माहीत असणे आवश्यक आहे, कारण वाहिनीचे वकील तो पहिल्याच उत्तरात पुढे करतील. दूरदर्शनवरील 'होनी अनहोनी' या मालिकेमुळे अंधश्रद्धा पसरते, अशी तक्रार घेऊन लोकविज्ञान संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, आणि उच्च न्यायालयाने प्रक्षेपणाविरुद्ध अंतरिम आदेशही दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये तो रद्द केला. दूरदर्शनवर चित्रपट किंवा मालिका दाखवण्याचा नागरिकाचा हक्क हा वृत्तपत्रात मत मांडण्याच्या हक्कासारखाच आहे, आणि बंदी मागणाऱ्यांनी लोकहिताची गंभीर हानी होते हे प्रथमदर्शनी तरी दाखवायला हवे, असे त्या निकालाचे सार आहे.

तो निकाल आपल्याला अडचणीचा असला तरी तक्रारीचा रस्ता बंद करणारा नाही. 1988 मध्ये 1995 चा अधिनियमही नव्हता आणि अंधश्रद्धेचा उल्लेख असलेला नियम 6 ही नव्हता. शिवाय ती मागणी प्रक्षेपण थांबवण्याची होती, आणि आपण ती करू नये असेच मी सुचवणार आहे. त्यातच महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला असून, भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधणे, मिरचीची धुरी देणे, केस उपटणे ही कृत्ये त्याच्या अनुसूचीतील पहिल्याच नोंदीत आहेत. आपण वर्णन केलेला प्रसंग म्हणजे जणू त्या नोंदीचे चित्रीकरण आहे. मालिकेतील बुवावर अर्थातच कोणी खटला भरू शकत नाही, कारण तेथे कोणी खरोखर छळले गेलेले नाही. पण जे कृत्य या राज्यात सहा महिने ते सात वर्षे कैदेच्या शिक्षेस पात्र आहे, तेच मालिकेत उपाय म्हणून यशस्वी झालेले दाखवले असेल, तर 'उत्तेजन' या शब्दाला वजन येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये दूरचित्रवाणीवरील चमत्कारी यंत्रांच्या, म्हणजे ताईतासारख्या वस्तूंच्या, जाहिराती याच कायद्याखाली बेकायदा ठरवल्या होत्या. ते प्रकरण वस्तू विकणाऱ्या जाहिरातींचे होते आणि आपले गोष्टीचे आहे, हा फरक मोठा आहे. तक्रारीत त्या निकालाचा उल्लेख करा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

खरा प्रश्न असा की मालिका बुवाबाजी दाखवते की शिकवते. पुढच्या आठवड्यात पोलीस येऊन बुवाला पकडतात, सून कोर्टात उभी राहते, असे कथानक असेल तर आपली तक्रार जवळजवळ संपते. न्यायालये सुटे दृश्य पाहत नाहीत, संपूर्ण कृती पाहतात. 1988 मध्येच 'तमस' मालिकेविरुद्ध तक्रार आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी संपूर्ण मालिका स्वतः पाहून मग निर्णय दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात वापरलेली कसोटी आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयातून आलेली आहे. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी 1947 च्या भगवतीचरण शुक्ल प्रकरणात असे म्हटले होते की शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर मनाच्या माणसाच्या दृष्टीने तोलायचा असतो, दुबळ्या मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने नव्हे. याच कारणाने नातीचा प्रसंग तक्रारीत कोठे मांडायचा हे महत्त्वाचे ठरते. अंधश्रद्धेच्या मुद्द्याखाली तो मांडलात तर खंबीर प्रौढ प्रेक्षकाचे उत्तर येईल. मुलांच्या वेळेच्या मुद्द्याखाली मांडलात तर ती कसोटी तेथे तशीच्या तशी लावता येणार नाही, कारण तो पोटनियमच मुलांसाठी आहे. बाहुली, दोरा आणि उदबत्ती हे तीन शब्द तेथे दहा विशेषणांपेक्षा जास्त काम करतील.

स्त्रियांची अप्रतिष्ठा हा मुद्दाही काही सभासदांना सुचलेला दिसतो. नियम 6 मधील त्याबाबतची तरतूद प्रामुख्याने स्त्रीच्या देहाच्या हीन चित्रणाबाबत आहे, आणि सुनेचा छळ तिच्यात ओढूनताणून बसवावा लागेल. माझ्या मते तो मुद्दा टाकून द्यावा, कारण एक कच्चा मुद्दा दोन पक्क्या मुद्द्यांना खाली खेचतो.

धार्मिक भावनांच्या गुन्ह्याचा आग्रहही सोडून द्या. पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम 295-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम 299 झाले आहे, आणि त्यासाठी भावना दुखावण्याचा जाणूनबुजून आणि दुष्ट हेतू असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात हे सांगितले आणि 2017 मध्ये महेंद्रसिंह धोनी यांच्यावरील प्रकरण रद्द करताना त्याचा पुनरुच्चार केला. पात्राच्या तोंडी देवीचे नाव येणे म्हणजे असा हेतू नव्हे.

तक्रारीची रीत 17 जून 2021 च्या सुधारित केबल नियमांनी तीन टप्प्यांत ठरवून दिली आहे. प्रथम वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. 24 तासांत पोच मिळायला हवी आणि 15 दिवसांत निर्णय. निर्णय आला नाही किंवा पटला नाही, तर पुढील 15 दिवसांत ती वाहिनी प्रसारकांच्या ज्या स्वयंनियामक संस्थेची सभासद असेल तिच्याकडे अपील करायचे, ज्याचा निकाल 60 दिवसांत अपेक्षित आहे. तेथेही समाधान झाले नाही तर त्या निर्णयापासून 15 दिवसांत केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेकडे जाता येते. वाहिनी काही काळ बंद ठेवण्यासारखा टोकाचा अधिकार कलम 20 खाली केंद्राकडे आहे. कलम 19 खाली केबलचालकाला एखादा कार्यक्रम थांबवण्याचा आदेश जिल्हा दंडाधिकारी किंवा प्रांत देऊ शकतात, पण अशा प्रकरणात त्यांनी तो द्यावा, असे मला वाटत नाही. 2023 च्या जनविश्वास कायद्याने या अधिनियमातील कैदेची शिक्षा काढून तिच्या जागी सूचना, ताकीद, निषेध आणि आर्थिक दंड आणले आहेत, तेव्हा कोणाला तुरुंगात पाठवण्याची भाषा तक्रारीत नसावी.

तक्रार आपण एकट्याने केली तरी चालते, कारण नियम कोणत्याही बाधित व्यक्तीला तो हक्क देतो. सतरा सह्यांमुळे कायद्याच्या दृष्टीने तिचे वजन वाढत नाही. तारीख, वेळ, भाग क्रमांक आणि प्रसंग कितव्या मिनिटाला सुरू झाला, हे लिहा. प्रसारकांना आपले प्रक्षेपण 90 दिवस जपून ठेवावे लागते, म्हणून महिना-दोन महिने विचार करत बसू नका. मागणी मर्यादित ठेवा : पुनर्प्रक्षेपणात तो प्रसंग कापावा किंवा रात्री 11 नंतर दाखवावा, आणि अशी कृत्ये महाराष्ट्रात गुन्हा आहेत अशी पट्टी दाखवावी. बंदी मागाल तर 'होनी अनहोनी'चा निकाल आपल्यावर उलटेल. पट्टी आणि वेळबदल मागाल तर वाहिनीला नकाराचे कारण शोधावे लागेल.

दरम्यान आपल्या घरापुरते उपाय आपल्याच हातात आहेत. सेटटॉप बॉक्सवर पिन टाकून ती वाहिनी कुलूपबंद करता येते, आणि केबलवाल्याला कळवून ती आपल्या यादीतून वगळताही येते. सभेत ठरावाऐवजी ही माहिती द्या. ज्या सभासदांना तक्रारीवर सही करायची आहे त्यांची नावे वेगळ्या कागदावर घ्या आणि इतिवृत्तात वाहिनीचे नाव येऊ देऊ नका. तिसऱ्या मजल्यावरील गृहस्थांनाही तक्रारीचा मसुदा वाचायला द्या, कारण त्यात त्यांच्या रिमोटला हात लावलेला नसल्यामुळे कदाचित तेही त्यावर सही करतील.